तबेल्यात फुटलेल्या पुंगळ्या

धाकट्या मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा व्याह्यांनी मला विचारलं, "आपण काय करता?" मी खरं ते सांगितलं. म्हणालो, "पुंगळ्या ऐकतो." त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. सुमन म्हणाली, "बंदुकीच्या क्लबात हायेत. पगारी." तेव्हा कुठे पोह्यांची बशी पुढे सरकली.

आता दिवाळी अंकाच्या संपादकांनीही तेच विचारलंय, की तुम्ही नेमकं काय करायचात. व्याह्यांना सांगायचं राहिलं ते इथे सांगतो.

पिस्तुलाची गोळी ही लोकांना एकच वस्तू वाटते. पण बार झाल्यावर पुढचं शिसं उडून जातं, आतली दारू जळून जाते, बुडाची टोपी कामातून जाते आणि मागे उरते ती पितळेची करंगळीएवढी नळी. तिला म्हणायचं पुंगळी. सरावाच्या नव्या गोळ्या महाग आणि मिळायलाही अवघड, म्हणून आमच्या क्लबासारखे परवानेवाले क्लब तीच पुंगळी गोळा करून, धुऊन, दाबून पुन्हा मापात आणतात आणि पुन्हा भरतात. पण पितळही थकतं. प्रत्येक बाराला पुंगळी फुगते, प्रत्येक वेळी तिला दाबून बसवायचं. तार एकाच जागी वाकवत राहिलं की शेवटी तुटते, तसंच हिचं होतं. कुठेतरी केसाएवढी चीर जाते. चीर तोंडाशी असली तर फार तर नेम बिघडतो. बुडाजवळ असली तर गरम धूर उलटा फिरून नेमबाजाच्या तोंडावर येतो. म्हणून भरण्याआधी फुटक्या पुंगळ्या वेगळ्या काढायच्या, आणि ते माझं काम.

काम कानाचं होतं. ओंजळभर पुंगळ्या घ्यायच्या आणि कानाजवळ हलवायच्या. चांगल्या पुंगळ्या किणकिणतात. त्यांत एक जरी तडकलेली असली तरी मधेच 'थद्' असा मेलेला आवाज येतो. बाजारात बाया मडकं घेताना बोटाने वाजवून बघतात, तेवढंच हे शास्त्र. पण मला त्याचा केवढा माज होता! पाहुणे आले की मी डोळे मिटून ओंजळ हलवायचो, फुटकी बरोबर बाहेर काढून त्यांच्या तळहातावर ठेवायचो आणि मग पाणी प्यायला जायचो. पाणी प्यायची गरज नसायची, पण तेवढं केलं म्हणजे शोभा यायची.

सुमनला ह्या कानाचं कधीच कौतुक वाटलं नाही. "पानी भरा म्हनलं की आयकू येत नाय, आन् तितं पुंगळीची चीर आयकू येते!" हे तिचं ठरलेलं वाक्य. पुढे हेच वाक्य माझ्यावर कसं उलटलं ते येईलच.

आमचा क्लब माथेरानच्या डोंगराखाली. माझ्या पोशीरहून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर. सभासद मुंबई-पुण्याचे, काही खोपोली-खालापूरच्या कारखान्यांतले. माणसं एकेक बघण्यासारखी. एक निवृत्त प्राचार्य होते. बुधवारी पूर्वेकडे तोंड करून शस्त्र चालवायचं नाही असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि आमची रेंज नेमकी पूर्वेकडे तोंड करून. त्यांना घरातून सुट्टी मिळायची ती बुधवारीच. तेव्हा ते दर बुधवारी यायचे, पिस्तूल पुसायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. पनवेलचा एक बिल्डर भंगारवाल्याकडून पिशवीभर पुंगळ्या घेऊन आला आणि भरून द्या म्हणाला. बाहेरच्या पुंगळ्या भरायच्या नाहीत हा नियम, तरी गंमत म्हणून मी पिशवी ओतली. त्यात नळाच्या दोन तोट्या आणि लिपस्टिकचं एक टोपण निघालं. टोपणाबद्दल तो बराच वेळ हुज्जत घालत होता. म्हणाला, "ह्याचा बोअर वेगळा असेल."

ह्या सगळ्यांवर सेक्रेटरी पाटणकर. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, सज्जन, स्वच्छ आणि मीटिंगचे भुकेले. पंख्याचा रेग्युलेटर बिघडला तरी कमिटी बसायची.

तर एका वर्षी वळवाच्या वादळाने आमच्या लोडिंगरूमचे पत्रे उडवले. दारू आणि भरलेल्या गोळ्या नियमाप्रमाणे कुलपातल्या पक्क्या खोलीत होत्या, त्यांना काही झालं नाही. प्रश्न होता रिकाम्या पुंगळ्यांचा. मी उन्हाळाभर बसून त्या ऐकल्या होत्या, दाबून मापात आणल्या होत्या. पावसानंतर फक्त भरायच्या होत्या. पाटणकरांनी मीटिंग घेतली आणि विषय ठेवला, कोरडी जागा.

कोरडी जागा सापडली ढेबेमामाच्या तबेल्यात. ढेबेमामा माथेरानला घोडे चालवतो. पावसाळ्यात वर पर्यटक नसतात, तेव्हा घोडे खाली येतात आणि आमच्या कुंपणाला लागून असलेल्या त्याच्या तबेल्यात मुक्काम ठोकतात. तबेल्याला चांगला घट्ट पोटमाळा. वर एक थेंब गळत नाही, खाली घोड्यांची ऊब. "घेऊन या, घरचंच हाय," मामा म्हणाला. आम्ही कापडी पिशव्या वर चढवल्या. खाली त्याचा तांबडा घोडा उभा होता. त्याचं नाव मॅनेजर. असलं नाव का ठेवलं म्हणून पाटणकरांनी विचारलं, तर मामा सरळ म्हणाला, "काम करत नाय. नुस्ता हुबा ऱ्हाऊन बगतो." त्या दिवसापासून पाटणकर त्या घोड्याशी जरा फटकूनच वागायचे.

पाऊस सरला, गणपती गेले, रेंज उघडली. पिशव्या खाली आल्या आणि मी भरायला बसलो. पुन्हा ऐकल्या नाहीत. निवडून डब्यात ठेवलेले तांदूळ पुन्हा कोण निवडतो? वापरल्याशिवाय पुंगळी फुटत नाही, हे माझ्या धंद्यातलं पहिलं वाक्य.

पहिल्याच रविवारी अनघाच्या हातात पुंगळी फाटली. अनघा खोपोलीची पोरगी, राज्य स्पर्धेची तयारी करत होती. चष्मा होता म्हणून डोळे वाचले, पण एका गालावर अशी काजळी बसली की ओळखू येईना. ती घाबरली नाही, चिडली. "रामभाऊ, हे तुमच्या हातचं?" असं तिने विचारलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग दुसऱ्याची फाटली, तिसऱ्याची पिस्तुलात अडकून बसली. पाटणकरांनी शिट्टी मारून सगळा गोळीबार बंद केला. उरलेल्या पुंगळ्या घेऊन मी सगळ्यांसमोर ओंजळ हलवली. किणकिण नावाला, नुसतं थद्थद्.

अर्थातच मीटिंग बसली आणि पाटणकरांनी चौकशी सुरू केली.

"रामभाऊ, ह्या पुंगळ्या तुम्ही उन्हाळ्यात पास केल्या होत्या?"

"हो साहेब. तेव्हा धड होत्या."

"मग फुटल्या कधी?"

"पिशवीत."

"पिशवीत बसल्या बसल्या? पुंगळी काय अंडं आहे, उबवून फुटायला?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण मलाही ते खरं वाटत नव्हतं. मग मतं सुरू झाली. कुणी म्हणालं पितळ भेसळीचं. प्राचार्य म्हणाले, पिशव्या कोणत्या वारी हलवल्या ते बघा. बिल्डर म्हणाला रेंजला वास्तुदोष आहे, आणि दुरुस्तीचं कामही आपल्यालाच द्यावं असं सुचवून बसला. शेवटी बोट माझ्याकडे वळलं. वर्षानुवर्षं बाराच्या शेजारी बसून ऐकायचं म्हणजे कानावर परिणाम झाला असणार, असं कुणीतरी हळूच म्हणालं. पाटणकरांनी खात्री करण्यासाठी तिथूनच सुमनला फोन लावला, स्पीकरवर.

"वहिनी, रामभाऊंना ऐकू नीट येतं ना हो?"

"त्यांना?" सुमनला वाटलं, मी काहीतरी तक्रार केलीय. "घसा बसेस्तोवर हाका मारते मी! ठार भयरे हायेत!"

पाटणकरांनी साक्षीदाराचे आभार मानले आणि फोन ठेवला. दसऱ्यापर्यंत कानाचा रिपोर्ट आणायचा, तोवर पुंगळ्या भरायच्या बेंचवर बसायचं नाही, रिपोर्ट वाईट आला तर पार्किंग सांभाळायचं, असं ठरलं. पार्किंगमध्ये पगार तोच होता. पण ज्या क्लबात लोक मला 'कान' म्हणून ओळखत होते तिथे फाटकाशी उभं राहून "थोडं डावीकडे घ्या, साहेब" म्हणायचं, ह्या विचाराने मला जेवण जाईना.

कर्जतला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी आवाज आला तरी दाबलं आणि नाही आला तरी दाबलं, एकही सुटायला नको म्हणून. डॉक्टरांनी बाहेर बोलावून समजावलं, पुन्हा बसवलं. निकाल असा, की उजवा ठीक, डावा बारीक आवाजाला कमी. "कान झाकत नाही का तुम्ही गोळीबाराच्या वेळी?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "झाकला तर पुंगळी कशी ऐकू?" ते म्हणाले, "आता झाका. नाहीतर आहे तेही जाईल." पाटणकरांनी कागद पाहिला, 'डावा' ह्या शब्दाखाली रेघ मारली आणि पार्किंगची शिट्टी माझ्या हातात दिली. शिट्टी नवीन होती.

दसऱ्याला क्लबात शस्त्रपूजा असते. टेबलावर पांढरी चादर, पिस्तुलांना झेंडूच्या माळा, पाटणकरांचं भाषण. शेजारधर्म म्हणून ढेबेमामा एक घोडा सजवून आणतो आणि त्यालाही कुंकू लागतं. त्या वर्षी नेमका मॅनेजर आणला. गळ्यात पितळी घुंगरांचा पट्टा. पाटणकर शिस्तीवर बोलत होते आणि मॅनेजर माश्या उडवायला मान हलवत होता. छुम, छुम, थद्. छुम, थद्.

मी फाटकाकडून धावत आलो आणि घोड्याच्या मानेला मिठी मारून छातीशी कान लावला. भाषण थांबलं.

"काय रं, आयकतोस का वास घेतोस?" मामा म्हणाला.

"मामा, ह्यातलं एक फुटकंय."

"एक? आरं, धा-बारा असतील. नवा पट्टा अजून आला नाय म्हनून जुनाच घातला. दरसाल पावसाळ्यात फुटतात ती."

"कुठे ठेवता हा?"

"खुटीला. तबेल्यात."

"आणि दरसाल फुटतात?"

"दरसाल. आमचा सासरा म्हनायचा, घोडा डोंगर सोडून खाली आला का त्याचा जीव गुदमरतो. त्याचा कढ घुंगराला लागतो. गेल्या साली पानी पाजायचा तांब्या बी तडकला. मंग आमी पलाष्टिकचा आनला."

मी म्हणालो, "अहो मामा, मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, पितळ असतंच तसं."

कमिटीत देशमुख नावाचे एक सभासद होते, खालापूरकडच्या केमिकल कारखान्यातले. ते मीटिंगला येऊन नुसती बिस्किटं खायचे. ते आता पुढे आले, त्यांनी तबेल्याच्या दारातून आत डोकं घातलं आणि डोळ्यांतून पाणी काढत मागे आले. "अमोनिया," ते म्हणाले. "घोड्याच्या मुतातला. दमट हवेत तो पितळाला धरतो. पितळ दाबून बसवलेलं असलं, अंगात ताण असला, तर आपोआप चिरा पडतात. पूर्वी फौजेच्या तबेल्यांत काडतुसं ठेवायचे, तीही पावसाळ्यात अशीच फुटायची म्हणतात."

"हे तुम्हाला माहीत होतं?" पाटणकर ओरडले.

"होतं ना."

"मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?"

"विषय कान होता. घोडा नव्हता."

पाटणकर कशावरही पुराव्याशिवाय विश्वास ठेवत नसत. ठरलं, की एकाच जातीच्या पुंगळ्या मी उजव्या कानाने ऐकायच्या, दाबायच्या आणि दोन पिशव्यांत घालायच्या. पाटणकरांनी बँकेच्या सवयीने दोन्हींना लाखेचं सील मारलं. एक पिशवी माझ्या घरी तांदळाच्या पिंपावर टांगली, एक पोटमाळ्यावर. मॅनेजरला खालीच ठेवायला मामा तयार झाला. "वर नेला काय, हितं ठेवला काय, त्याला सारकंच." अडचण एकच, पावसाळा संपला होता. तेव्हा कमिटीने पावसाळा तयार केला. खिडक्यांना ओली गोणपाटं लावली आणि पाटणकर स्वतः रोज संध्याकाळी बागेतली झारी घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, ती ओली करायला येऊ लागले. घोड्याशी बोलायचे नाहीत.

मग पाटणकरांना शंका आली, की मॅनेजर पुरेसं मुततो की नाही. एका रविवारी ते निरीक्षणाला उभे राहिले. मॅनेजर त्यांच्याकडे बघत राहिला. मामा म्हणाला, "त्याला शिट्टी लागते," आणि त्याने ओठांचा चंबू करून लांब, गोड शिट्टी घातली. रेंजवर शिट्टीचा अर्थ एकच असतो, गोळीबार थांबवा. कुंपणापलीकडे सगळ्यांनी पिस्तुलं खाली ठेवली आणि दोन पावलं मागे सरले. घोडा काही मनावर घेईना, मामा काही शिट्टी सोडेना. सगळे सभासद हात मागे बांधून शिस्तीत उभे, आणि अनघा ओरडून विचारतेय, "अहो, काय झालंय? कुणाला लागलं का?" शेवटी मॅनेजरने काम केलं. पाटणकरांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "समाधानकारक."

पिशव्या उघडल्या त्या दिवशी रेंजवर बसायला जागा नव्हती. घरची पिशवी आधी. मी ओंजळ हलवली, किणकिण ऐकली आणि कारण नसताना पुन्हा एकदा हलवली. मग तबेल्याची. थद्थद्. पण पाटणकरांना तेवढं पुरेना. त्यांनी माझ्याकडे पाठ करून दोन्हींतल्या थोड्या थोड्या पुंगळ्या ताटात मिसळल्या, माझे डोळे रुमालाने बांधले आणि म्हणाले, "निवडा." मी निवडल्या. चांगल्या उजवीकडे, फुटक्या डावीकडे. अनघाने भिंग घेऊन एकेक तपासली. ह्या ढिगाऱ्यातली त्या ढिगाऱ्यात जायला हवी अशी एकही निघाली नाही. टाळ्या झाल्या. अनघा माझ्या पाया पडली. माझी पुंगळी जिच्या गालावर फुटली होती, तिनेच माझ्या पाया पडावं ह्याने मला रडू आलं आणि रुमाल डोळ्यांवर होताच, तो बरा पडला.

कमिटीने ठराव केला, की पुंगळ्या फुटण्यास तबेल्यातील हवा जबाबदार असून यापुढे घोडा व पितळ एका छताखाली ठेवू नये. माझ्या कानाबद्दल एक अक्षर नव्हतं. मी वाट पाहत राहिलो. पाटणकर जाता जाता म्हणाले, "रामभाऊ, उद्यापासून बेंचवर बसा हं," आणि पार्किंगची शिट्टी परत मागून घेतली. मला वाईट वाटलं, आणि ते अजून गेलेलं नाही. चुकलं आमचं, एवढं म्हणायला मीटिंगसुद्धा लागली नसती.

त्या हट्टापायीच मी पुढे बेंच सोडला नाही. डॉक्टर झाका म्हणाले होते, पण जो कान एवढ्या लोकांसमोर खरा ठरला तो झाकून बसायला मन होईना. निवृत्त होईपर्यंत उघड्या कानांनी बाराशेजारी बसलो. डावा पूर्ण गेला, उजवाही त्याच्या मागून निघालाय. आता सुमन पाणी भरा म्हणते ते खरंच ऐकू येत नाही, आणि हे तिला पटवणं घोड्याचा गुन्हा सिद्ध करण्यापेक्षा अवघड आहे.

माझ्या कानावर अजून भरवसा ठेवणारा माणूस एकच, ढेबेमामा. दसऱ्याआधी नवा पट्टा ओवायचा असला की तो सुटी घुंगरं घेऊन माझ्याकडे येतो. दुकानात वाजवून घेत नाही, म्हणतो रामभाव बघंल. ह्या वर्षी मीच त्याच्याकडे गेलो. मॅनेजर म्हातारा झालाय, आता वर माथेरानला जातच नाही, दारातल्या फणसाखाली उभा राहून बघतो. मामाने घुंगरं ताटात ओतली. मी एक उचलून हलवलं. दुसरं हलवलं. मामा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"आयकू येत नाय ना रं तुला आता?"

"नाही, मामा."

मामा उठून फणसाखाली गेला. मग त्याने मॅनेजरचा दोर धरून त्याला माझ्याजवळ आणून उभं केलं.

"त्याच्या कानाकडं बग," तो म्हणाला. "तू आपला हलवत ऱ्हा."

मी एकेक घुंगरू घोड्याच्या कानाशी धरून हलवू लागलो. मॅनेजर शांत होता. सातआठ घुंगरं झाल्यावर एकाला त्याने डावा कान झटकन मागे टाकला. मी ते पुन्हा हलवलं. त्याने पुन्हा टाकला.

ते मी बाजूला काढलं.